‘सोडून द्या’ म्हणणाऱ्यांना

निवृत्तांच्या कट्ट्यावर, उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालेत, रविवारच्या पुरवणीत आणि भल्या सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सूर्योदयाच्या चित्राखाली हल्ली एकच उपदेश भेटतो. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग असा, की रोजच्या जगण्यातली छोटी सुखं वेचा : वाफाळता चहा, पहिला पाऊस, गरम भजी, दुपारची डुलकी. दुसरा असा, की छोट्या काळज्या सोडून द्या; दूध, पाणी, गॅस, कामाच्या मावशी यांत जीव अडकवू नका. रिचर्ड कार्लसन या अमेरिकन लेखकाचं ‘डोन्ट स्वेट द स्मॉल स्टफ’ हे पुस्तक १९९७ मध्ये आलं आणि धो धो खपलं. आपल्याकडच्या वक्त्यांनी त्यात ‘संसार असार आहे’ एवढी भर घातली आणि माल देशी करून टाकला.

वक्ता बहुधा सज्जन असतो. आवाज मऊ, उदाहरणं हसरी. टाळ्या पडतात. सभागृहातल्या बायकाही टाळ्या वाजवतात आणि वाजवता वाजवता त्यांतली एखादी घड्याळ बघते, कारण साडेआठला पाणी जातं आणि वरची टाकी भरायची राहिलेली असते.

माझा आक्षेप सुखांना नाही, चहाला तर मुळीच नाही. उपदेशाचे हे दोन भाग एका घरात एकत्र नांदत नाहीत, असं माझं म्हणणं आहे. दुसरा भाग मनापासून पाळला तर पहिल्या भागातलं निम्मं सामान घरात तयारच होत नाही. आणि ज्या घरात दोन्ही सुखानं नांदताना दिसतात, त्या घरात काळजी सोडलेली नसते. ती दुसऱ्या कुणीतरी उचललेली असते. वक्त्यांनी आपल्या घरात ती कुणी उचलली आहे, एवढं एकदा बघावं.

दह्यापासून सुरुवात करते. थालीपीठावर दह्याचा गोळा, उन्हाळ्यात दहीभात, उपासाला दही-साखर. छोट्या सुखांच्या कुठल्याही यादीत दही येतंच. आता हे दही येतं कुठून? आदल्या रात्री जेवणं उरकल्यावर, ओटा पुसून झाल्यावर, कुणीतरी दुधात करंगळी बुडवून बघतं. दूध फार गरम असेल तर दह्याचं चोथापाणी होतं, गार झालं असेल तर ते लागतच नाही. विरजणातल्या जिवाणूंना साधारण चाळीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. हे ज्या बाईला ठाऊक नाही तिच्या करंगळीला ठाऊक असतं. मुंबईच्या मे महिन्यात दही चार-पाच तासांत लागतं आणि सकाळपर्यंत आंबटढाण होतं, म्हणून विरजण जेमतेम घालायचं आणि शक्य तितकं उशिरा घालायचं. नाशिकच्या डिसेंबरात त्याच पातेल्याला जुन्या टॉवेलात गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायचं आणि रात्री कुणी ते हलवणार नाही हे बघायचं. हे झालं रात्रीचं. त्याच्याही आधी दुपारी एक काम होऊन गेलेलं असतं. जेवताना कुणीतरी ‘अजून दही आहे का गं?’ असं विचारलेलं असतं आणि भांड्याच्या तळाशी चमचाभर दही असूनही ‘संपलं’ असं उत्तर दिलेलं असतं. मराठी घरांतलं हे बहुधा सर्वांत जुनं खोटं असावं आणि ते रोज नियमानं बोललं जातं. तो चमचा वाचवायची काळजी ‘सोडून दिली’ तर उद्या दही नाही, परवा नाही, आणि मग वाटी घेऊन शेजारी जाणं आलं. शेजारणीनंही काळजी सोडलेली असली तर?

इथं लगेच कुणीतरी म्हणेल, दही विकत मिळतं की! मिळतं. पण डबा संपत आलाय हे कुणाला तरी दिसावं लागतं, उद्या चतुर्थी आहे हे आठवावं लागतं आणि मागच्या वेळचा डबा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात तारीख उलटून बसलाय याचीही शुद्ध असावी लागते. करंगळीचं काम गेलं. डोक्याचं राहिलं.

मटकीला मोड आणायचे तर उसळ खाण्याच्या दोन दिवस आधी ती आठवावी लागते. साबुदाणा आदल्या रात्री भिजवावा लागतो आणि त्यात पाणी किती, हे त्या खेपेचा साबुदाणा कसा निघालाय यावर ठरतं. वर्षाचे गहू भरताना त्यांना एरंडेल चोळायचं, तांदळाला बोरिक पावडर लावायची, लाल तिखटात हिंगाचे खडे टाकायचे. अशा घरात भाद्रपदात डबा उघडल्यावर धान्यात पोरकिडा निघत नाही, आणि तो निघाला नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. छोट्या काळजीची खरी पंचाईत ही आहे. ती फळली की दिसत नाही. चुकली की सगळ्या घराला दिसते.

आता भजी. पाऊस आणि भजी या जोडीवर आपल्याकडे जेवढं गद्य लिहिलं गेलंय तेवढं क्वचितच दुसऱ्या कशावर लिहिलं गेलं असेल. पण त्या चित्रात माणसं दोन असतात. एक खिडकीशी बसून पाऊस बघतं. दुसरं खिडकीकडे पाठ करून कढईसमोर उभं असतं. पहिला घाणा मुलांचा, दुसरा अचानक आलेल्या पाहुण्यांचा, तिसरा ‘अजून दोन चालतील’ म्हणणाऱ्याचा. तळणाऱ्याच्या वाट्याला शेवटचा घाणा येतो. तोवर पीठ सैल झालेलं असतं, कांदा तळाला चिकटलेला असतो आणि पाऊस थांबलेला असतो. शिवाय त्या पावसाच्या पहिल्या थेंबाबरोबर दोरीवरचे कपडे काढायला धावणारंही तेच माणूस असतं. छोटी सुखं वेचा, असं या दोघांपैकी कुणाला सांगायचं? जो वेचतोच आहे त्याला सांगण्यात अर्थ नाही. जी तळते आहे तिला सांगितलं आणि तिनं ऐकलं, तर भजी नाहीत.

मराठीतलं छोट्या सुखांचं हे गद्य नवं नाही. गेल्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात फडके, खांडेकर, काणेकर यांनी लघुनिबंध रुळवला; फडक्यांनी तर आपल्या निबंधांना ‘गुजगोष्टी’ असं गोड नाव दिलं. मी ते निबंध आवडीनं वाचले आहेत. पण त्या वाङ्मयप्रकाराचा निवेदक बहुधा आरामखुर्चीत असतो आणि चहा त्याच्या हाताशी आपोआप येतो. त्याच काळात, १९३४ मध्ये, ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला. लक्ष्मीबाई टिळकांच्या संसारात धान्य, भांडी, पैसा यांची बेरीज कधी जमत नसे, कारण रेव्हरंड टिळक हातातलं कुणाला देऊन मोकळे होतील याचा नेम नव्हता. लक्ष्मीबाईंनी या काळज्या झाकून ठेवल्या नाहीत, त्यांना क्षुल्लक म्हटलं नाही आणि त्यांच्यावर त्या पोट धरून हसल्याही. घरातल्या बारीकसारीक गोष्टींचं इतकं जिवंत मराठी दुसरं सापडणं कठीण. ते त्यांना साधलं, कारण पिशवीत काय उरलंय हे त्यांना ठाऊक असे.

प्रतिपक्षाची दुसरी भिंत अशी : ‘आम्ही मदत करतो की. फक्त सांगायचं ना!’ हे ‘सांगायचं ना’ मोठ्या प्रेमळ आवाजात येतं, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड जातं. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे त्यांनी चार टप्पे पाडले : गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही त्यावर लक्ष ठेवणं. त्यांतला निर्णयाचा टप्पा नवरा-बायको बऱ्यापैकी मिळून करतात, असं त्यांना आढळलं. ओळखणं आणि लक्ष ठेवणं हे मात्र जास्त करून बायकांकडे. अमेरिकेत जाऊन शोधायची गरज नव्हती म्हणा. आपल्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे चारही टप्पे सकाळी साडेसहाला बघायला मिळाले असते. ‘आज भाजी कुठली करू?’ या प्रश्नाला नवरा ‘कुठलीही’ म्हणतो आणि निर्णयात सहभागी होतो. घरात वांगी आहेत पण ती परवाची आहेत, मुलाला ती चालत नाहीत, सासूबाईंना वातुळ होतात आणि गवार मोडायला आज वेळ नाही, हे सगळं प्रश्नाच्या आधी घडून गेलेलं असतं. ज्याला सांगावं लागतं त्यानं हाताचं काम उचललं. काळजी सांगणारीकडेच राहिली, आणि वर सांगण्याचं काम वाढलं.

सरकारलाही हे मोजावंसं वाटलं, हे बरं झालं. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळवापराचं सर्वेक्षण केलं. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या रकान्यांत भरून घेतला. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. यात जे मुळात घरकाम करतात तेवढेच धरले आहेत. त्या दिवशी असं काहीही केलेले पुरुष होते २६.१ टक्के आणि बायका ८१.२ टक्के. २०२४ मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा बायकांची मिनिटं २८९ झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषांनीही लगोलग नऊ वाचवून घेतली. आता एक सांगा, बसमध्ये उभ्या उभ्या ‘गॅसचा नंबर लावायचा राहिला’ हे आठवणं कुठल्या रकान्यात बसतं? तो अर्धा तास ‘प्रवास’ म्हणून जातो.

या न मोजल्या जाणाऱ्या हिशेबाची वही मात्र बहुतेक घरांत भिंतीवर टांगलेली असते. १९७३ पासून कालनिर्णयनं तिथी, सण आणि चंद्रोदय छापून दिले. उरलेल्या जागेत बायकांनी आपलं दुसरं पंचांग लिहिलं. अमुक तारखेला सिलिंडर लावला. तमुक दिवशी दूध घेतलं नाही. मावशींचे खाडे, इस्त्रीचे कपडे, पेपरचं बिल, धाकट्याची लस. १४.२ किलोचा सिलिंडर आपल्या घरी किती दिवस पुरतो आणि सणाच्या महिन्यात किती कमी पुरतो, याचं गणित या चौकटींतून निघतं. जानेवारीत जुनं कॅलेंडर रद्दीत जातं आणि घराचा वर्षभराचा कारभार त्याच्याबरोबर जातो.

देशाच्या कागदांवरही या कारभाराची नोंद फार उशिरा झाली. ५ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मोटार अपघातात गेलेल्या एका दिल्लीकर जोडप्याच्या भरपाईचा निकाल दिला. न्यायमूर्ती रमणा यांनी त्यात स्वतंत्र मत लिहिलं. २०११ च्या जनगणनेत घरकाम हेच आपलं मुख्य काम म्हणून सांगणाऱ्या जवळजवळ १६ कोटी बायका होत्या आणि असं सांगणारे पुरुष साधारण ५८ लाख, याकडे त्यांनी बोट दाखवलं आणि घर सांभाळणाऱ्या बाईचं उत्पन्न शून्य धरता येणार नाही, अशी भूमिका घेतली. योग्यच झालं. पण बाईच्या काळजीला रुपयांत धरायचं तर आधी तिनं मरावं लागतं, ही त्यातली ठेच विसरता येत नाही.

‘क्षुल्लक’ हे विशेषण कुणाच्या कामाला चिकटतं, हेही बघण्यासारखं आहे. मुंबईचे डबेवाले आपल्या सगळ्यांच्या कौतुकाचे, माझ्याही. १८९० पासूनची ही व्यवस्था. २००३ मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला येऊन भेटले, २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलनं त्यांच्यावर अभ्यास लिहिला. डबा वेळेवर पोचतो कसा, यावर जगभरचे व्यवस्थापनतज्ज्ञ बोलले. पण डबेवाला दारात येतो तेव्हा डबा भरून तयार असतो कसा? तो रोज नवाच्या आत, पोळ्या मऊ राहतील अशा गुंडाळून, रस्सा सांडणार नाही अशा बेतानं, कालची भाजी आज पुन्हा येणार नाही हे लक्षात ठेवून कोण भरतं, यावर मात्र कुठल्या व्यवस्थापनशाळेचं लक्ष गेल्याचं दिसत नाही. दारापासून कचेरीपर्यंतचा प्रवास म्हणजे व्यवस्थापन; ओट्यापासून दारापर्यंतचा म्हणजे किरकोळ.

आणि छोट्या काळज्या सोडून मोठ्या गोष्टींचा विचार करा, असं म्हणणाऱ्यांना या महाराष्ट्राचा इतिहास बहुधा आठवत नाही. गोरेगावच्या मृणाल गोरे यांनी नळाला पाणी येत नाही ही काळजी सोडून दिली नाही. ती घेऊन त्या महापालिकेत गेल्या, मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना जाब विचारला. १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या, १९७२ मध्ये आमदार. लोकांनी त्यांचं नावच ‘पाणीवाली बाई’ ठेवलं. १९७२ चा दुष्काळ आला, बाजारातून गोडेतेल, साखर, रवा, रॉकेल गायब झालं. तेव्हा त्या, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एका समितीत आल्या आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन, थाळ्या बडवत हजारो गृहिणी उतरल्या. समाजवादी आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्ष एरवी एका सतरंजीवर बसायचे नाहीत. रॉकेलच्या डब्यानं त्यांना बसवलं. १९७७ मध्ये मृणालताई लोकसभेत गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ अशी घोषणा लोकांनी केली. एखाद्या व्याख्यात्यानं १९७२ साली त्या बायकांना गाठून, ताई, तेला-साखरेत काय जीव अडकवता, छोट्या सुखांकडे बघा, असं सांगितलं असतं तर त्याचं काय झालं असतं? लाटणं हातात होतंच.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. घरातल्या सगळ्याच काळज्या कामाच्या नसतात. दिवाळीला सात पदार्थ घरीच झाले पाहिजेत, पाहुण्यांपुढे जुनी चादर दिसता कामा नये, ओळीतल्या सगळ्या डब्यांना एकाच रंगाची झाकणं हवीत, या काळज्यांनी कुणाचं भलं केलेलं नाही. लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडानं सगळं घर कसं वेठीला धरलं होतं. ती काळजी वडिलांची, धुणं-पुसणं बाकीच्यांचं. म्हणून काळजी छोटी की मोठी हा निकष मला उपयोगाचा वाटत नाही. मी वेगळं विचारते : ही मी टाकली, तर काय होईल? काहीच होणार नसेल तर खुशाल टाकावी. झाकणं विजोड राहू द्यावीत. पण टाकलेली काळजी दुसऱ्या कुणाला वाकून उचलावी लागणार असेल, तर ती ‘सोडली’ असं म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

आणि बहुतेक वेळा कुणीतरी वाकतंच. ‘मावशी आल्या नाहीत तर आल्या नाहीत, एवढं काय!’ असं म्हणणाऱ्याच्या घरात भांडी कुणीतरी घासतं. उलट बाजूनंही बघा. मावशींनी एक दिवस घरी राहणं, हा मालकिणीच्या लेखी काळजीचा विषय. मावशींच्या लेखी तापलेलं पोर, रेशनची रांग किंवा स्वतःचं दुखणारं अंग. त्यांनी ही काळजी सोडून द्यायची की मालकिणीनं? १९८० मध्ये पुण्यातल्या घरकामगार बायकांनी संप केला तेव्हा हीच गोष्ट चव्हाट्यावर आली : पगारवाढ आणि हक्काची रजा. आपल्याकडे घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला त्यानंतर २००८ साल उजाडावं लागलं. आता दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते, तेव्हा ‘बघा, काळजीच संपली’ असं म्हटलं जातं. भर पावसात, खड्ड्यांतून, पाठीवर पिशवी घेऊन स्कूटर हाकणाऱ्या पोराच्या डोक्यात ती गेली आहे, एवढंच.

एका सुखाबद्दल तर उपदेशकांना काही पत्ताच नाही, कारण ते काळजी करणाऱ्यालाच मिळतं. दूध पातेल्याच्या काठापर्यंत चढलं आणि नेमक्या त्या क्षणी हात बटणावर गेला. आभाळ भरून आलं, वाळवणाच्या चादरी गच्चीवरून गोळा झाल्या, आणि जिन्यात पाय ठेवताना पहिला टपोरा थेंब मागे पडला. गॅस संपणार संपणार म्हणत पाहुण्यांचं जेवण निघालं, शेवटची पोळी उतरली आणि मग शेगडी विझली. श्रावणात भीत भीत बरणीचा दादरा सोडला तर लोणच्यावर बुरा नाही. हे सुख वाफाळत्या चहासारखं कुणी हातात आणून देत नाही. आधी धडधड असते म्हणून नंतर ते असतं. ज्यानं कधी धडधड घेतलीच नाही त्याला दूध उतू न जाण्यात काय मौज आहे, हे कसं कळावं? त्याच्या लेखी दूध नुसतं तापलेलं असतं.

अध्यात्माचा आधार घेणाऱ्यांसाठी जनाबाईंची एक कथा पुरेशी आहे. कबीर त्यांना भेटायला येतात, असं सांगतात. भेटायला येतात कुणाला, तर साक्षात विठ्ठल ज्यांच्याबरोबर जातं ओढतो त्या संत बाईला. आणि त्या काय करत असतात? दुसऱ्या एका बाईशी गोवऱ्यांवरून कडाकडा भांडत असतात. गोवऱ्या चोरीला गेलेल्या असतात आणि जनाबाई त्या सोडायला तयार नसतात. कान लावल्यावर ज्यांतून विठ्ठलाचं नाव ऐकू येईल त्या माझ्या, एवढी खात्रीची खूण त्यांच्यापाशी असते. कीर्तनकार या खुणेपाशी येऊन डोळे मिटतात. मला भांडणापाशी थांबावंसं वाटतं. जनाबाई काही, जाऊ देत, मातीचंच आहे सगळं, असं म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी चूल पेटवायची होती.

तेव्हा महिला दिनाला येणारे सलाम, ‘तू आहेस म्हणून घर आहे’ असले संदेश आणि गुलाबाची फुलं यांची मला गरज वाटत नाही. कौतुक झालं की काम तिथंच राहतं, हे आपण पाहिलेलं आहे. कामं वाटून घेण्याचाही फार उपयोग नाही. काम वाटलं जातं आणि त्याची आठवण ठेवणं जागेवरच राहतं. वाटायचं असेल तर अख्खं खातं वाटून घ्यावं. ज्यानं घेतलं त्यानं त्याची चिंताही घ्यावी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि खात्याची मालकीणही सारखी डोकावायला येणार नाही, असं ठरवावं. तिलाही हे जड जाईल, जाऊ दे.

सुरुवातीला दळणाचं खातं घ्या. दिसायला सोपं आहे. कणकेचा डबा कधी तळाला जातो ते बघायचं, तो तळाला जाण्याच्या दोन दिवस आधी गहू निवडायचे, गिरणीची सुट्टी कोणत्या वारी असते ते लक्षात ठेवायचं, वीज जाण्याच्या वेळा धरायच्या. घरी ज्वारी कोण खातं आणि बाजरी कोणत्या महिन्यात सुरू करायची ते ठरवायचं. पीठ गरम गरम आणलं की झाकण लावून ठेवायचं नाही, पसरून गार होऊ द्यायचं. आणि एकादशीच्या आधी उपासाची भाजणी दळायला नेलीत, तर डबा खाली ठेवण्यापूर्वी गिरणीवाल्याला एक प्रश्न विचारावा लागतो. कोणता, ते मी सांगणार नाही. आता खातं तुमचं आहे.